विहारातील गणिताचा वर्ग: शिक्षकाला मानधन किती, पालकांना वर्गणी किती?

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागातल्या वस्त्यांमध्ये पालक आम्हाला एकच प्रश्न विचारू लागतात. मुलगी नववीत गेली, मुलगा दहावीत आला, गणित जमत नाही. शिकवणी लावायची तर खर्च किती येईल? ब्रह्मपुरी हे शिक्षणासाठी ओळखले जाणारे गाव आहे. महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत, शिकवणी वर्गांचे फलक चौकाचौकात आहेत. पण तालुक्याच्या ठिकाणचा वर्ग आणि मेंडकी किंवा गांगलवाडीकडच्या गावातले मूल यांच्यामध्ये बसचे वेळापत्रक आहे, जंगल आहे आणि बापाच्या खिशातली मजुरी आहे.

यावर अनेक गावांनी सुचवलेला उपाय सोपा आहे: विहारात दहा-बारा मुलांचा एक छोटा वर्ग काढायचा, एक चांगला शिक्षक ठरवायचा आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. विचार चांगला आहे. पण बहुतेक ठिकाणी हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. पालक काय देऊ शकतील ते आधी ठरते आणि उरेल ते शिक्षकाच्या हातावर ठेवले जाते. काही ठिकाणी तर तेही नाही. ‘समाजाचे काम आहे, पोरगा आपलाच आहे, शिकवेल फुकट’ असे गृहीत धरले जाते. आमचे म्हणणे असे की हा हिशेब सरळ करावा लागेल. शिक्षकाचे योग्य मानधन आधी, मुलांची वर्गणी नंतर. तो सरळ केला तरी हा वर्ग गरीब घराच्या आवाक्यात राहतो, हे या लेखात आकड्यांनिशी मांडत आहोत.

शिकवणी आता चैन राहिलेली नाही

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी शिकवणी घेतात किंवा त्या शैक्षणिक वर्षात त्यांनी घेतली होती. शहरात हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के आहे. शिकवणीवरचा वार्षिक सरासरी खर्च ग्रामीण भागात विद्यार्थ्यामागे १,७९३ रुपये आणि शहरात ३,९८८ रुपये निघाला. अकरावी-बारावीच्या पातळीवर तो ग्रामीण भागात ४,५४८ आणि शहरात ९,९५० रुपयांवर जातो. म्हणजे खेड्यातल्या चारपैकी एका मुलाच्या मागे घरचे लोक शाळेबाहेर पैसा खर्च करत आहेत. उरलेल्या तिघांत आपली किती मुले आहेत, हे प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीत मोजून पाहावे.

गरज गणितातच का जास्त भासते, याचेही उत्तर आहे. इतिहासाचा एक धडा सुटला तरी पुढचा धडा समजतो. गणितात तसे होत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. असे मूल दहावीत जाते, तेव्हा त्याच्यापुढे वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमिती येते. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन भाग आहेत, बीजगणित आणि भूमिती. प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत. या १०० गुणांवर पुढे विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन, आयटीआयमधले चांगले ट्रेड ठरतात. गणितात नापास झालेल्या मुलीचे वर्ष वाया जाते इतकेच नाही. आपल्या भागात अनेक घरी त्याच वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

घरीच शिकणारी आपलीही मुले आहेत

मुंबई-पुण्यात काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरी शिकवतात. अशी चार-पाच कुटुंबे मिळून गणिताला एक शिक्षक ठेवतात आणि फी वाटून घेतात. आपल्याकडे हा प्रकार कुणी मुद्दाम निवडत नाही. तरी शाळेबाहेर राहून परीक्षा देणारी मुले आपल्या वस्तीत आहेतच. नववीत शाळा सुटलेली आणि १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसणारी मुले. मिरची तोडायला आईबापांसोबत तेलंगणात गेलेली आणि परत आल्यावर वर्गात मागे पडलेली मुले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करणारी मुले. एनआयओएसमध्ये १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीसाठी प्रवेश मिळतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

या मुलांच्या हातात पुस्तक असते, परीक्षेची तारीख असते, पण शिकवणारा माणूस नसतो. श्रीमंतांच्या घरशाळेत शिक्षक घरी येतो. आपल्या १७ नंबरवाल्या पोराला एकट्याने गाईड घोकावे लागते. म्हणून विहारातला वर्ग काढताना शाळेत जाणाऱ्या मुलांइतकाच विचार या मुलांचा व्हावा. खरे तर आधी त्यांचाच व्हावा.

आधी शिक्षकाचे मानधन ठरवा

मानधन ठरवायला काही तरी आधार हवा. आम्ही राज्य सरकारचाच आधार घेतो. १ जानेवारी २०२३ पासून माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचे मानधन महिना १८,००० रुपये झाले. महिन्याचे २५ दिवस आणि दिवसाचे ६ तास धरले तर १५० तास होतात. म्हणजे तासाला १२० रुपये. शिक्षण सेवकाला तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळण्याची आशा असते, विहारात शिकवणाऱ्याला ती नसते. तेव्हा १२० रुपये हा कमीत कमी दर समजावा. त्याच्या खाली जाऊ नये.

आता एक नमुना हिशेब करू. यातले दिवस, अंतर आणि किरकोळ खर्च आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या गावचे आकडे घालून तो पुन्हा करावा.

आठवड्यात ३ दिवस, रोज २ तासांचा वर्ग. महिन्याला साधारण १३ दिवस, म्हणजे २६ तास शिकवणे. प्रत्येक वर्गामागे अर्धा तास तयारी आणि वह्या तपासणे, म्हणजे आणखी साडेसहा तास. हा अर्धा तास हिशेबात धरायला लोक विसरतात, पण वही न तपासलेला गणिताचा वर्ग म्हणजे फळ्याकडे बघण्याचा कार्यक्रम होतो.

- मानधन: साडेबत्तीस तास, तासाला १२० रुपये = ३,९०० रुपये
- येण्याजाण्याचे पेट्रोल: १३ दिवस, दिवसाला ६० रुपये = ७८० रुपये
- झेरॉक्स, मार्कर, वीज = ४२० रुपये
- महिन्याचा एकूण खर्च = ५,१०० रुपये

हाच खर्च मुलांच्या संख्येने भागला की चित्र स्पष्ट होते. एकाच मुलाला शिकवायचे तर ५,१०० रुपये. चार मुले असतील तर प्रत्येकी १,२७५. आठ असतील तर सुमारे ६३८. बारा असतील तर ४२५. पंधरा असतील तर ३४०.

यातले पेट्रोल आणि किरकोळ खर्चाचे १,२०० रुपये विहार समितीने उचलावेत. मग पालकांच्या वाट्याला फक्त मानधनाचे ३,९०० रुपये येतात. बारा मुलांत ते प्रत्येकी ३२५ रुपये होतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे महिन्याची वर्गणी साधारण एका दिवसाच्या मजुरीइतकी.

जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने वर्ग चालला तर एका मुलामागे पालकांचे २,६०० रुपये जातात. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. एक क्विंटल आणि वर थोडे धान, एवढी ही रक्कम आहे. ती लहान आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरी दोन एकराचा बांध आहे आणि त्यावरच वर्ष काढायचे आहे, तिथे एक क्विंटल धान मोठेच असते. पण ही रक्कम जमवता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी पुढच्या दोन गोष्टी कराव्या लागतात.

सगळ्यांची वर्गणी सारखी नको

बारा घरे सारखी नसतात. एखाद्या घरी नोकरी आहे, एखाद्या घरी किराणा दुकान, एखादी आई एकटीच मजुरी करते. म्हणून वर्गणीचे तीन टप्पे करावेत. चार घरांनी ४५० रुपये, सहा घरांनी ३०० रुपये आणि दोन घरांनी १५० रुपये दिले तर १,८०० अधिक १,८०० अधिक ३००, असे बरोबर ३,९०० रुपये जमतात. कोण किती देतो हे समितीच्या दोन जबाबदार व्यक्तींनाच माहीत असावे. मुलांमध्ये ते कळता कामा नये. आणि पूर्ण फुकट कुणालाच ठेवू नये. १५० रुपये देणारी आईही हक्काने विचारू शकते की माझ्या पोराची वही तपासली का.

एकाच घरातली दोन मुले असतील तर दुसऱ्याची वर्गणी निम्मी ठेवावी. हे आम्ही मुद्दाम सुचवतो. पैसा एकाच मुलापुरता असला की घरात शिकवणी मुलाला लागते आणि मुलगी भांडी घासते. निम्म्या वर्गणीमुळे येणारी तूट समितीने भरावी.

मजुरी हंगामाने येते, मानधन महिन्याने द्यावे लागते

आमच्या पाहण्यातले असे अनेक वर्ग दिवाळीच्या आसपास बंद पडले. पालक ‘बेजबाबदार’ होते असे लोक म्हणतात. खरे कारण वेगळे असते. या भागात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टला, मजुरीचा रोख पैसा हातात असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडे जातात. कापणी-मळणी होऊन धानाचे पैसे हाती यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. पुढे मिरची, मग मोहफूल आणि तेंदूपत्ता.

म्हणून वर्गणी महिन्याला मागू नये. दोन हप्ते करावेत: सरासरी एका मुलामागे १,००० रुपये ऑगस्टमध्ये आणि १,६०० रुपये जानेवारीत. शिक्षकाचे ३,९०० रुपये मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेलाच द्यायचे. आता बारा मुलांचा हिशेब बघा. ऑगस्टमध्ये १२,००० रुपये जमतात, ते सप्टेंबरपर्यंत पुरतात आणि ३०० रुपये उरतात. ऑक्टोबरअखेर ३,६०० रुपयांची तूट, नोव्हेंबरअखेर ७,५००, डिसेंबरअखेर ११,४००. जानेवारीत १९,२०० रुपये जमले की तूट भरून निघते आणि फेब्रुवारीचे मानधन देऊन खाते शून्यावर येते. अगदी सुरुवातीला जुलैचे ३,९०० रुपयेही आधी द्यावे लागतात.

म्हणजे हा वर्ग टिकवायला समितीकडे १२,००० रुपयांचा फिरता निधी हवा. हे पैसे खर्च होत नाहीत. जानेवारीत परत येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतात. विहाराच्या दानातून, महिलांच्या बचत गटाकडून किंवा गावातल्या नोकरदार बांधवांकडून ते एकदाच उभे करता येतात. वर्ग बंद पडण्यामागे पालकांची अनास्था किती आणि या १२,००० रुपयांचा अभाव किती, याचा विचार व्हावा.

समितीचा वर्षाचा खर्च महिना १,२०० प्रमाणे ९,६०० रुपये आणि पालकांचे ३१,२०० रुपये. बारा मुलांचा आठ महिन्यांचा वर्ग एकूण ४०,८०० रुपयांत होतो. १४ एप्रिलच्या जयंतीची जमाखर्चाची वही उघडून डीजे आणि मंडपाचा आकडा शेजारी लिहून बघावा. जयंती साजरी झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याच वहीत एक पान या वर्गाचेही असावे.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुले कुठे राहतील, काय खातील, त्याला पैसा कुठून येईल, हे प्रश्न चळवळीने पहिल्या वर्षापासून हाताळले. ‘शिका’ हा शब्द त्या हिशेबासकट आपल्याकडे आला आहे.

कोणाला शिकवायला सांगायचे?

पहिली गोष्ट, नोकरीत असलेल्या शाळेच्या शिक्षकाला पैसे देऊन हा वर्ग घ्यायला लावू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. त्यांना सल्ला मागावा, जुन्या प्रश्नपत्रिका मागाव्यात. मानधनावर मात्र बीएस्सी, एमएस्सी, बीएड झालेल्या आणि नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना बोलवावे. आपल्या भागात असे तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. शिक्षक भरतीची वाट बघत त्यांची वर्षे जात आहेत. त्यांनाच ‘फुकट शिकव’ म्हणणे हा अन्याय आहे. एका गावात गणितात एमएस्सी झालेल्या मुलीने चार महिने विनामानधन वर्ग घेतला. रोवणीच्या दिवसांत तिच्या घरच्यांनी तिला मजुरीला पाठवले, कारण तिथे रोज पैसे मिळत होते. वर्ग बंद पडला आणि गावाने तिलाच दोष दिला.

दुसरी गोष्ट, सगळ्या मुलांना बीएस्सीवाला शिक्षक लागत नाही. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम तपासला गेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास केला. या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली तरुणी १५ ते २० जणांच्या गटात रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन-गणित शिकवी. मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना जास्त फायदा झाला. त्या तरुणींना मिळणारे मानधन मात्र फार तुटपुंजे होते. त्यांची शिकवण्याची पद्धत घ्यावी, मानधनाचा आकडा घेऊ नये. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी गावातलीच बारावी झालेली मुलगी उत्तम शिकवू शकते. तिचा पेट्रोलचा खर्चही वाचतो.

तिसरी गोष्ट, निवड कशी करावी. पदवी बघून ठरवू नका, एक छोटी चाचणी घ्या. उमेदवारासमोर असे उदाहरण ठेवा: ४०२ मधून १७८ वजा करताना एका मुलाने उत्तर ३७६ लिहिले आहे. बरोबर उत्तर २२४. जो ‘चूक आहे, पुन्हा कर’ म्हणतो, तो साधा शिक्षक. या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, त्याला हातचा घेणे म्हणजे काय तेच समजलेले नाही, असे जो ओळखतो, तो आपल्याला हवा. अशा चुका शोधणे हेच छोट्या गटाचे खरे काम आहे. मोबाईलवरचा व्हिडिओ उजळणीला चांगला, पण तो पोराची वही बघू शकत नाही.

गट किती मोठा असावा?

अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एकेकट्याला शिकवलेले सर्वसाधारण मूल नेहमीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या पुढे जाते, असे त्यांनी मांडले. नंतरच्या अभ्यासांत फायदा इतका मोठा दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. ब्लूम यांचा खरा प्रश्न वेगळा होता. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणे समाजाला परवडत नाही. मग गटात शिकवून त्याच्या जवळ कसे जायचे? आपला प्रश्न हाच आहे.

आमच्या अनुभवात आठ ते बारा हा आकडा चांगला. आठच्या खाली गेले की वर्गणी झेपत नाही. पंधराच्या वर गेले की दोन तासांत सगळ्यांच्या वह्या बघून होत नाहीत. वीस मुले झाली तर आनंदाने दोन गट करावेत. गट इयत्तेने न करता पातळीने करावेत. भागाकार न येणारा नववीचा मुलगा आधी सातवीच्या मुलांसोबत महिनाभर बसला तर त्याचा अपमान नाही, हे पालकांना आधीच समजावून सांगावे.

आणि हा वर्ग केवळ बौद्ध मुलांचा नको. त्याच गावात गोंड, माना, ढिवर, कुणबी घरची मुले आहेत, त्यांच्यासमोरही तेच गणित आहे. विहाराचे दार त्यांना उघडे असावे. संख्या वाढल्याने खर्चही कमी होतो, पण तो मुद्दा दुसरा.

वेळ, वाघ आणि वर्षावास

ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांना वेळेचा प्रश्न वेगळाच आहे. हिवाळ्यात सहाच्या आत अंधार पडतो. सांजेला जंगलाच्या रस्त्याने दुचाकीवर परतणाऱ्या शिक्षकाचा जीव धोक्यात घालून वर्ग चालवायचा नाही. म्हणून शक्यतो त्याच गावातला शिक्षक बघावा. बाहेरून येणार असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी आणि रविवारी दिवसा वर्ग घ्यावा. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातल्या मधल्या दिवसाचा वर्ग बंद ठेवून रविवारी दोन सत्रे करावीत. तासांची बेरीज तेवढीच राहते आणि पेट्रोल वाचते. १७ नंबरचा अर्ज भरणारी, दिवसा कामाला जाणारी मुलेही रविवारी येऊ शकतात.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. तीन महिने अनेक विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन असते. विहार उघडा असतो, दिवे लागलेले असतात, मोठी माणसे हजर असतात. त्या काळात वाचनाच्या आधीचे दोन तास वर्गाला दिले तर मुलांना घरी नेण्याची वेगळी सोय करावी लागत नाही. वर्ग सुरू करायला याहून सोपा काळ वर्षात नाही.

मुलांच्या सुरक्षेबाबत तडजोड नको. वर्ग उघड्या दाराआड, समितीतली किंवा महिला मंडळातली एक महिला रोज हजर, हजेरीपट रोजचा. शिक्षक ओळखीचा असो वा नसो, नियम तेच.

एका पानाचा करार

तोंडी ठरलेले मानधन तिसऱ्या महिन्यात भांडणाचे कारण होते. म्हणून एका कागदावर साध्या मराठीत लिहावे: वर्गाचे दिवस आणि तास, मानधन, ते देण्याची तारीख, पेट्रोल, सुट्ट्या, वर्ग बुडाला तर भरून काढण्याची पद्धत, आणि दर महिन्याला प्रत्येक मुलाच्या प्रगतीची चार ओळींची नोंद. दोन्ही बाजूंच्या सह्या. मानधन शिक्षकाच्या बँक खात्यात जमा करावे. जमाखर्च दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवावा. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन आणि सांख्यिकी हे धडे आहेत. ही वही मुलांनाच लिहायला दिली तर दोन्ही कामे होतील.

पुस्तकांवर वेगळा खर्च फारसा नको. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात, पण बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उतरवून घेता येतात. मागच्या वर्षी पास झालेल्या मुलांची पुस्तके विहारात जमा करून घेतली तरी पुष्कळ भागते.

पहिल्या आठवड्यात काय करावे

आषाढ पौर्णिमेच्या आधी एक बैठक बोलवावी आणि तीनच कामे करावीत. वस्तीतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांची यादी, त्यात शाळा सुटलेली आणि १७ नंबरची मुले आधी. गावातल्या आणि जवळपासच्या विज्ञान पदवीधरांची यादी. आणि १२,००० रुपयांच्या फिरत्या निधीसाठी कोण किती देणार, त्याची नोंद. या तीन याद्या झाल्या की वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडावा. आठ मुले जमली तरी सुरू करावे. चार घरे मागे राहिली असतील तर ती दिवाळीपर्यंत येतात.

चंद्रपूर जिल्ह्यात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी तिथे गेलेल्या आपल्या आजोबा-आजींपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. आज त्यांच्या नातवंडांपुढे वर्गसमीकरण आहे आणि त्याच वस्तीत ते सोडवून दाखवू शकणारी एमएस्सी झालेली मुलगीही आहे. तिला महिन्याला ३,९०० रुपये वेळेवर द्यायचे, एवढेच समितीला ठरवायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!